जांभळा, जसा छापला तसा

इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा जुना मराठी अंक हाती आला, की कथेच्या ओढीने पानं उलटण्याआधी आपण क्षणभर थांबावं आणि मुखपृष्ठावरच्या वेताळाच्या पोशाखाचा जांभळा रंग तेवढा डोळे भरून पाहावा. हा जांभळा एका डब्यातून आलेला नाही. गुलाबीकडे झुकणारी मॅजेंटा शाई आणि निळी सायन शाई एकाच जागी एकीवर एक पडल्या, तेव्हा तो जन्माला आला. साधं भिंग धरलं तरी त्याच्या जन्माची कथा दिसू लागते: खांद्याच्या फुगवट्यावर, जिथे उजेड पडला आहे, तिथे ठिपके विरळ, बगलेच्या सावलीत दाट, जवळजवळ एकजीव झालेले, आणि कमरेच्या पट्ट्यापाशी, जिथे दुसरा ठसा केसाच्या रुंदीने सरकला, तिथे काळ्या रेषेबाहेर एक नाजूक गुलाबी किनार. त्या प्रतीच्या वेळी रजिस्टर, म्हणजे ठशांची जुळणी, जरा हललं होतं. छापखान्याच्या हिशेबात हा दोष असेल. पण याच अंकाची दुसरी प्रत शेजारी ठेवली तर तिच्यात ही किनार वेगळीकडे असते किंवा नसतेच, आणि मग हजारोंनी छापलेल्या वस्तूतली ही एक प्रत आपल्याला तिच्या स्वतःच्या चेहऱ्याने ओळखू येऊ लागते.

माझ्यासमोर आहे ती प्रत सत्तरच्या दशकातली, आणि मुरगूडसारख्या पावसाळी गावात इतकी वर्षं राहूनही तिचा जांभळा अजून जांभळा आहे. या वाक्यातलं नवल रंगांचा स्वभाव माहीत असणाऱ्यालाच कळेल. छपाईच्या चार शायांपैकी काळी आणि सायन या उन्हाला पुरून उरतात. पिवळी आणि मॅजेंटा मात्र हळव्या, प्रकाश सोसत नाहीत. खिडकीपाशी पडून राहिलेल्या अंकातला मॅजेंटा वर्षागणिक ओसरत जातो आणि वेताळ हळूहळू निळा होतो. पुष्कळ लोकांच्या आठवणीतला फिकट निळसर वेताळ मूळचा तसा नव्हता, तो उन्हाने तसा केला. चांगल्या प्रतीचा अर्थ इथे आपल्याला पहिल्यांदा उमगतो. उच्च ग्रेड ही कागदाला चिकटवलेली किमतीची चिठ्ठी नव्हे. चित्रकाराने आणि छापणाऱ्याने जो रंग मनात धरला होता, तो आज आपल्याला दिसतो आहे याची ती ग्वाही आहे.

या जांभळ्याची वंशावळही मोठी गोड आहे. ली फॉक यांचा फँटम, म्हणजेच आपला वेताळ, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत अवतरला तो काळ्या-पांढऱ्या पट्टीतून, म्हणजे रंगाविनाच. जांभळा त्याला लाभला २८ मे १९३९ पासून निघालेल्या रविवारच्या रंगीत पानांवर. पुढे तो देशोदेशी गेला तेव्हा स्कँडिनेव्हियात निळा झाला, इटलीत लाल झाला. आपल्याकडे तो जांभळा राहिला, आणि मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना जंगलाच्या हिरव्या गर्दीत जांभळा माणूस दिसला तरी त्यात काही वावगं वाटलं नाही.

इंद्रजालची मालिका टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केली. पहिल्या अंकाची किंमत साठ पैसे. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे. मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी आलटून-पालटून येऊ लागली. मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक असा वेग घेत आठशेहून अधिक अंक निघाले आणि १९९० मध्ये मालिका थांबली. सुरुवातीच्या काळात तिच्याशी जोडलेले अनंत पै १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा'कडे वळले, ती गोष्ट सर्वश्रुत आहे. इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे अंक निघत. संग्राहकांचं लक्ष इंग्रजी प्रतींकडे अधिक, पण माझं मन विचाराल तर मराठी प्रतीच जास्त मोलाच्या: त्या ज्या घरांत गेल्या तिथे त्या जपण्यासाठी कुणी घेतल्या नव्हत्या, वाचण्यासाठी घेतल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांतली शाबूत प्रत सापडणं फार कठीण.

आता प्रत आडवी धरून तिच्या पाठीकडे पाहू, म्हणजे जिथे कागद घडी घेतो त्या कडेकडे. जाणकाराची नजर प्रथम इथेच जाते. दहापैकी गुण देण्याची जी पद्धत अमेरिकेत रूढ झाली, आणि २००० साली सुरू झालेल्या सीजीसी या संस्थेने जिला जगभर मान मिळवून दिला, तिच्यात ९.४ ला 'नियर मिंट' म्हणतात; म्हणजे टाकसाळीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नाण्याच्या अगदी जवळ. तिथवर पोचायचं तर या घडीवर जवळजवळ काही घडलेलं नसावं लागतं. अंक एकदा जरी मागे दुमडून एका हातात धरला, जसा आपण सगळ्यांनी लहानपणी झोपून वाचताना धरला, की घडीवरच्या शाईला आडवा तडा जातो आणि एक बारीक पांढरी रेघ उमटते. अशी प्रत्येक रेघ म्हणजे एका वाचनाची नोंद. माझ्या प्रतीवर अशा रेघा आहेत, वरच्या पिनेजवळ, अगदी आखूड. आणि मी त्यांच्यावरून बोट फिरवतो तेव्हा मला जाणवतं की ही प्रत वाचली गेली आहे, पण वाचणाऱ्याने ती टेबलावर ठेवून, अर्धीच उघडून वाचली आहे. त्या वयात इतकं धीराचं वाचन करणारं ते मूल कोण असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

वरच्या कडेला आणखी एक खूण आहे: कागदात रुतलेला एक उथळ वळ. मुंबईहून निघालेले गठ्ठे सुतळीने आवळून बांधलेले असत. गठ्ठ्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा अंक त्या सुतळीचा वळ अंगावर घेऊन गावोगावच्या स्टॉलवर पोचे. गुण देणारा या वळापायी थोडं कापून घेईल, आणि त्याचं बरोबरच आहे. पण या एका वळात आगगाडी आहे, कोल्हापूरचं स्टेशन आहे, तिथून पुढची एस.टी. आहे आणि स्टँडवर गठ्ठा सोडणाऱ्याच्या चाकूची घाईसुद्धा आहे. प्रवासाची खूण आणि निष्काळजीपणाची खूण यांतला फरक गुणांत मांडता येत नाही. तो रसिकाने आपल्या मनात मांडायचा असतो.

आणि मग त्या दोन पिना. कॉमिक्सचा सारा देह या दोन पोलादी काट्यांवर उभा असतो, आणि आपल्या मुलखात त्यांचा वैरी एकच, पाऊस. मृगाच्या पहिल्या सरींपासून पाटगावच्या बाजूने भरून येणारी वेदगंगा, आषाढात घराच्या भिंतींना सुटणारी ओल, कौलांखालच्या माळ्यावर ठेवलेल्या ट्रंकेतसुद्धा शिरणारा दमटपणा, आणि २०१९ किंवा २०२१ सारखी महापुराची वर्षं, या सगळ्यांतून कागद वाचवायचा म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पिनेला आधी काळपटपणा येतो, मग तांबूस भुकटी सुटते, आणि शेवटी तो गंज कागदात उतरून पिनेभोवती तपकिरी वलय उमटवतो. त्या वलयापाशी कागद इतका हळवा होतो की मधलं पान एक दिवस आपोआप सुटून हातात येतं. पावसाळ्यात कसर, वाळवी आणि बुरशीचे ठिपके आहेतच. पुस्तकांच्या कपाटात कडुनिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे, डांबराच्या गोळ्या ठेवणारी घरं आपण पाहिली आहेत. पण ती काळजी ज्ञानेश्वरीच्या आणि पंचांगांच्या वाट्याला येई, चित्रांच्या गोष्टींच्या क्वचितच.

जुन्या कॉमिक्सच्या जगात ज्या संग्रहाचं नाव आदराने घेतात तो अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा. एडगर चर्च नावाचे एक जाहिरातचित्रकार संदर्भासाठी म्हणून अंक घेत आणि एकावर एक घट्ट रचून ठेवत. १९७७ मध्ये चक रोझान्स्की या विक्रेत्याला ते हजारो अंक मिळाले तेव्हा त्यांतले कित्येक काल छापल्यासारखे निघाले. त्यात मोठा वाटा तिथल्या उंच, कोरड्या हवेचा होता. गठ्ठा आवळून बसलेला, त्यात हवा शिरत नव्हती, आणि जी होती तिच्यात पाण्याचा अंश नव्हता. ही हकीगत ऐकल्यावर मुरगुडातल्या एका शाबूत प्रतीकडे आपण पुन्हा पाहावं. हिला कोरड्या हवेचं दान नव्हतं. हिच्या पिना आज चकचकीत नाहीत, मंद करड्या आहेत, पण त्यांच्याभोवतीचा कागद स्वच्छ आहे. म्हणजे प्रत्येक पावसाळ्यानंतर कुणीतरी ही बाहेर काढली, सावलीत वाऱ्यावर ठेवली आणि पुन्हा आत ठेवली. कोलोरॅडोच्या ९.४ पेक्षा वेदगंगेकाठची ८ मला अधिक थोर वाटते, आणि हे मी पूर्ण विचाराने म्हणतो.

आपल्याकडे अंकांवर आणखी एक संस्कार होई, त्याची नोंद पाश्चात्त्य गुणपत्रिकांत फारशी सापडत नाही. भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं दहा-बारा अंक एकत्र शिवत, वर जाड पुठ्ठा चढवत, आणि कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजू कापून टाकत. मे महिन्याच्या सुट्टीत सोप्यावर दोरी बांधून आपापली वाचनालयं उघडणारी मुलंही दाभण-दोरा घेऊन हेच करत. या शिवणीने प्रतींचा समास गेला, कधी कधी चित्राचा काठही गेला, मुखपृष्ठावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का बसला. पण तिनेच आतली पानं वाचवली, हेही खरं: बांधलेल्या बाडाच्या मधोमध बसलेल्या अंकाला ना ऊन लागलं ना हवा, आणि त्याचे आतले रंग पाहिले तर आजही थक्क व्हायला होतं. असं बाड उसवून अंक सुटे करावेत का, यावर संग्राहकांत दोन मतं आहेत. माझं मत उसवू नये असं आहे. बाड हा त्या अंकांचा दुसरा जन्म आहे, आणि तो पहिल्याइतकाच खरा.

आता आपण आत जाऊ, कारण उच्च ग्रेडचं सर्वांत मोठं सुख आतल्या पांढऱ्या रंगात आहे. चित्रकथेत पांढरी शाई नसते. जे जे पांढरं दिसतं तो न छापलेला कागद असतो: दोन चौकटींमधल्या वाटा, बोलण्याचे फुगे, विजेची रेघ, बंदुकीच्या नळीतून निघालेली झगमग, गुहेतल्या कवटीच्या सिंहासनावर पडलेला उजेड. आणि वेताळाचे डोळे. त्याच्या मुखवट्यामागे बुबुळं कधीच दाखवत नाहीत. तिथे दोन कोऱ्या, तिरक्या, पांढऱ्या जागा असतात, आणि त्या कोरेपणातच त्याचा सारा दरारा आहे. साय बॅरी यांनी १९६१ नंतर पुढे तीन दशकं हा नायक चितारला, तेव्हा त्यांनी कुंचल्याने जंगलावर काळ्या सावल्यांचे दाट पट्टे ओतले आणि त्या काळोखात हे दोन पांढरे तुकडे तेवढे राखले. पण स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातली आम्लता वर्षानुवर्षं त्याला आतून जाळत राहते, तो आधी सायीचा रंग घेतो, मग पेंढ्याचा, मग चहाचा. कागद तपकिरी झाला की वीज विझते, फुगे मळतात, आणि वेताळाचे डोळे मुखवट्यात बुडून जातात. गोष्ट तीच राहते, पण तिच्यातला उजेड जातो. म्हणूनच २०१४ मध्ये सुपरमॅनच्या पहिल्या अंकाची, १९३८ सालच्या 'अॅक्शन कॉमिक्स' क्रमांक एकची, एक प्रत बत्तीस लाख डॉलरना गेली तेव्हा जाणकार तिच्या पानांच्या शुभ्रतेबद्दलच सर्वाधिक बोलत होते. माझ्या प्रतीची पानं शुभ्र नाहीत. दुधावरच्या सायीइतकी उतरली आहेत. तरीही पानाच्या मधल्या भागात, जिथे हवा पोचली नाही, तिथे चौकटींमधल्या वाटा अजून उजळ आहेत, आणि त्या वाटांवरून डोळा एका चित्रातून दुसऱ्यात असा सहज उतरतो, की आपण वाचतो आहोत हेच आपण विसरतो.

याच शुभ्रतेत देवनागरीही खुलते. मुळात हे फुगे इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाने कापलेले, सपाट ओळींसाठी. त्यांत मराठी बसवायची तर शिरोरेषेवरची वेलांटी आणि मात्रा, खालचे उकार, सगळ्यांना जागा हवी. एखाद्या फुग्यात अक्षरं दाटीने, खांद्याला खांदा लावून बसली आहेत; दुसऱ्यात तीन शब्दांभोवती ऐसपैस पांढरं आकाश मोकळं राहिलं आहे. मळक्या प्रतीत ही दाटी नुसती अडचण वाटते. स्वच्छ प्रतीत मात्र ती ऐकू येते: दाटलेल्या फुग्यातलं पात्र घाईने बोलतं, मोकळ्या फुग्यातला वेताळ सावकाश, तोलून बोलतो.

मुखपृष्ठाकडे परत येतो, कारण त्याचा एक ऋणानुबंध आपल्या जिल्ह्याशी लावण्याचा मोह मला आवरत नाही. इंद्रजालची आरंभीची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया यांनी, रंगवली. आतल्या रेषाचित्रांहून ती वेगळी: तिथे रेषेची कुंपणं नाहीत, जलरंगासारख्याच पण दाट, अपारदर्शक रंगांचे थर आहेत, स्नायूंवर प्रकाश आहे, मागे धूसर झाडी आहे. १९२४ च्या 'कल्याण खजिना'साठी बाबूराव पेंटरांनी केलेल्या पोस्टरपासून जी. कांबळ्यांच्या भव्य सिनेचित्रांपर्यंत कोल्हापूरच्या भिंतींनी हीच भाषा पाहिली होती: घोडा उधळलेला, नायक किंचित खालून पाहिलेला, रंग छातीठोक. बी. गोविंद त्या परंपरेतले नव्हते. पण स्टँडवर त्यांचं मुखपृष्ठ पाहून थबकणाऱ्या कागल-मुरगूडच्या मुलाचा डोळा त्या परंपरेने आधीच घडवला होता, असं मला नक्की वाटतं. सुरुवातीच्या अंकांच्या मलपृष्ठावर तर अख्खं पानभर चित्र असे, भिंतीवर लावण्याजोगं, आणि ते खरोखरच लावलं जाई. मलपृष्ठ कापून नेलेले अंक म्हणूनच इतके भेटतात. कुठल्याशा घराच्या भिंतीवर त्या चित्राने वर्षभर केलेली सोबत आठवली की अशा अंकावर रागावता येत नाही, पण मलपृष्ठासकट आलेली प्रत हाती लागली की आनंदाला पारावार राहत नाही.

ब्राह्मणियांच्याच हाताने पुढे १९७६ मध्ये बहादूर उभा राहिला. कथा आबिद सुरती यांची. नायक भारतीय, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. या भगव्याचं रक्षण जांभळ्याहूनही अवघड आहे, हे संग्राहकालाच कळतं, कारण तो पिवळ्या आणि मॅजेंटा या दोन्ही हळव्या शायांचा बनलेला. उन्हात त्याला सावरून धरायला निळासुद्धा नाही. फिकुटलेल्या प्रतीत बहादूरचा कुर्ता पांढरट होतो आणि निळी जीन्स तेवढी शिल्लक राहते. भगवा अजून धगधगतो आहे असा बहादूरचा अंक कुणाकडे असेल, तर तो त्याने अंधारात ठेवावा आणि सणासुदीलाच उघडावा.

उघडावा मात्र जरूर. परदेशात गुण दिलेली प्रत जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमची बंद करतात. त्यातून मुखपृष्ठ दिसतं, गुण दिसतात, आणि प्रत सुखरूप राहते. पण आतली वीज, आतले फुगे, ते दोन पांढरे डोळे पुन्हा कुणाला दिसत नाहीत. आपल्याकडे पोथ्या लाल रुमालात बांधून ठेवत, आणि त्या गाठी सुटण्यासाठीच मारलेल्या असत. मी मायलरची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा वापरतो, पिशवीचं तोंड चिकटवत नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, मुखपृष्ठ डाव्या तळव्यावर तोलायचं, काटकोनाच्या पुढे उघडू द्यायचं नाही, पान वरच्या कोपऱ्याला न धरता मधून उचलायचं. या शिस्तीत वाचन सावकाश होतं, आणि लहानपणी जे दहा मिनिटांत संपायचं ते आता संध्याकाळभर पुरतं. पॉपिन्सच्या गोळ्यांची राम-श्यामची जाहिरातकथासुद्धा मग आपण सोडत नाही. कूपन छापलेलं असेल तर ते कापलेलं नाही ना, हे बोटाने चाचपून पाहतो.

आणि शेवटी पुढच्या अंकाची जाहिरात येते: एक नाव, एक चित्र, आणि लवकरच भेटीला येत असल्याचं आश्वासन. तो पुढचा अंक माझ्याकडे आहे, पण मलपृष्ठाविना, आणि त्यातला वेताळ केव्हाच निळा झालेला. निपाणीत एका माळ्यावर वाचनालयाचं एक जुनं बाड आहे असं कळलं आहे. पाऊस उघडला की जाऊन पाहायचं आहे.